आडात पडलेला दगड: लग्नावरच्या मध्ययुगीन विनोदी कथा कशा वाचाव्यात?

प्रश्न: गुरुवारचे वाचन (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. दर गुरुवारी दुपारी आमच्या घराच्या सोप्यात आम्ही दहा-बाराजणी एकत्र बसून वाचतो. वीस वर्षांच्या मुलीपासून ऐंशी ओलांडलेल्या काकूंपर्यंत सगळ्या वयाच्या बायका त्यात आहेत. श्रावणापासून आम्ही जुन्या कथा हाती घेतल्या. पंचतंत्रातल्या निवडक गोष्टी झाल्या आणि आता शुकसप्तती ही संस्कृत कथामाला चालू आहे. तिची चौकट बहुतेकांना ठाऊक असेल. मदनविनोद हा व्यापारी परदेशी गेला आहे, त्याची बायको प्रभावती परपुरुषाकडे जायला रोज रात्री नटूनथटून निघते, आणि घरातला पोपट तिला आडकाठी न करता एवढेच म्हणतो की, जायचे तर जा, पण अमकीवर जशी वेळ आली तशी तुझ्यावर आली तर तिच्यासारखी युक्ती तुला सुचेल का? प्रभावती विचारते, कोणती युक्ती? पोपट गोष्ट सुरू करतो आणि गोष्टीच्या नादात रात्र सरते.

गेल्या गुरुवारी त्यातली विहिरीची गोष्ट वाचली. बायको रात्री बाहेर गेलेली असताना नवरा दाराला आतून कडी घालतो. परत आलेली बायको विनवण्या करते, तो दाद देत नाही. मग ती जवळच्या विहिरीत एक मोठा दगड टाकते. बायकोने जीव दिला असे वाटून नवरा दार उघडून धावत सुटतो, तेवढ्यात ती आत शिरते आणि कडी लावून घेते. आता घराबाहेर रात्र कोणी काढली आणि दोष कोणाचा, असा उलटा प्रश्न उभा राहतो. वाचताना हशा पिकला, मीही हसले. आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकू मात्र हसल्या नाहीत. कपबशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आमच्या परड्यात आड होता. त्यात दगड नव्हता पडला." त्यापुढे त्या बोलल्या नाहीत आणि कोणी विचारलेही नाही.

नंतर आमच्यात वाद झाला. महाविद्यालयात शिकणारी आमची सर्वांत धाकटी सभासद म्हणाली की, या गोष्टी पुरुषांनी बायकांच्या बदनामीसाठी रचल्या आहेत आणि आपण त्या हसत वाचतो हेच चूक आहे. दुसरीचे म्हणणे असे की, गोष्टीत जिंकते ती बाईच, मग बदनामी कसली? मला दोघींचे म्हणणे अर्धेअर्धे पटले आणि त्यामुळेच रात्री झोप लागली नाही. या कथा कोणी, कोणासाठी सांगितल्या? त्या काळच्या लग्नसंस्थेबद्दल त्यांच्यावरून काही खात्रीने म्हणता येते का? युरोपातही अशाच कथा होत्या असे ऐकले आहे. त्या आपल्याकडून तिकडे गेल्या का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: जुने पान

ताई, माझा अभ्यास प्राकृत आणि संस्कृत कथांचा आहे, तेवढ्यापुरते लिहितो. विहिरीच्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची वाट तिच्यातून जाते.

झिया नख्शबी याने १३३० मध्ये शुकसप्ततीवरून फारसीत 'तूतीनामा' रचले, म्हणजे त्यापूर्वीच ही मालिका चांगली रुळलेली होती. जुन्या मराठीतही तिचे भाषांतर झाले होते, आणि रिचर्ड श्मिट या जर्मन अभ्यासकाने ते १८९७ मध्ये लाइपझिगहून जर्मन अनुवादासह छापले. तेव्हा ही गोष्ट आपल्या भाषेतल्या लोकांनी काही शतके तरी वाचलेली-ऐकलेली आहे. आता हीच गोष्ट पश्चिमेकडे पाहा. स्पेनमध्ये पेत्रुस आल्फोन्सी नावाचा विद्वान होता. जन्माने तो ज्यू, आणि ११०६ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अरबी कथांचे भांडार त्याने लॅटिनमध्ये आणले, त्यात विहिरीची गोष्ट आहे. तिथला नवरा तरुण बायकोला उंच भिंतींच्या दगडी घरात ठेवतो, घराला एकच दार आणि एकच खिडकी ठेवतो, आणि रात्री किल्ल्या उशाशी घेऊन झोपतो. बायको त्याला दारू पाजून गुंगवते आणि किल्ल्या काढून घेते. पुढे चौदाव्या शतकाच्या मध्यावर, १३४८ च्या महामारीनंतर, इटलीच्या बोकाच्चोने 'डेकामेरॉन' लिहिले, त्यातल्या सातव्या दिवसाच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी बायकांनी नवऱ्यांना दिलेल्या गुंगाऱ्यांच्याच आहेत आणि चौथी गोष्ट विहिरीची आहे.

तिन्ही ठिकाणी दगड तोच आहे, पण त्याच्याभोवतीची माणसे निराळी आहेत. संस्कृत गोष्टीत नातलग आधीच मध्ये पडलेले असतात, आणि यापुढे जो रात्री घराबाहेर राहील तो दोषी, असा ठराव झालेला असतो. लॅटिन गोष्टीत सगळा भर भिंतींवर आणि किल्ल्यांवर आहे. बोकाच्चोचा तोफानो हा कारण नसताना संशय घेणारा आणि दारूचा नाद असलेला नवरा आहे. बायको खिडकीतून शेजाऱ्यांना ऐकवते की हा रोज पिऊन येतो, आणि शेवटी तिच्या माहेरची माणसे येऊन त्याला बडवतात. म्हणजे लग्न ही गोष्ट दोघांत मिटत नाही, भावकी, शेजार आणि माहेर यांच्यासमोर तिचा निवाडा व्हावा लागतो, हे तिन्हींत समान आहे आणि निवाडा कोण करतो हे मात्र प्रत्येक समाजाप्रमाणे बदललेले आहे. या कथांवरून लग्नसंस्थेबद्दल काही खात्रीने म्हणता येत असेल तर ते इथे, बदललेल्या तपशिलांत. बायका किती वेळा बाहेर जात होत्या याची खानेसुमारी त्यांतून करू नये.

कथा इकडून तिकडे गेल्या का, हा वाद जुना आहे. थिओडोर बेनफाय याने १८५९ मध्ये पंचतंत्राचे जर्मन भाषांतर काढले आणि युरोपातल्या बऱ्याचशा कथांचे मूळ भारतात आहे असे मांडले. जोझेफ बेदिए याने १८९३ मध्ये फ्रेंच कथांच्या बाबतीत ते ठामपणे नाकारले. माझे मत विचाराल तर काही कथांचा प्रवास पुस्तकांतून दाखवता येतो. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणचा राजा खुश्रू अनुशिरवान याच्यासाठी पहलवीत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या भाषेत, गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेले, तिथून तेराव्या शतकात ते लॅटिनमध्ये पोहोचले. कोष्ट्याच्या बायकोऐवजी खांबाला बांधून घेतलेल्या आणि नाक गमावलेल्या दूतीची गोष्ट या वाटेने गेली, आणि तिची भावंडे फ्रेंचमध्ये आणि बोकाच्चोमध्ये सापडतात. पण गोष्ट नुसती पोहोचून भागत नाही. ती तिथे राहायला हवी. दार, कडी, विहीर आणि कान लावून बसलेले शेजारी जिथे होते तिथे ती राहिली.

आता काकूंविषयी. "विहीर जवळ केली" हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आजही कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शिक्षा द्यायचीच असे ठरवून बसलेला नवरा दार का उघडतो, याचे उत्तर त्या शब्दप्रयोगात आहे. उद्या सकाळी विहिरीतून प्रेत निघाले तर तिचे माहेर काय म्हणेल, गाव काय म्हणेल, ही धास्ती त्याला बाहेर ओढते. त्या बाईच्या हाती दुसरे काहीही नव्हते. घर तिचे नव्हते, कडी तिच्या हाताला लागत नव्हती, नातलग विरोधात होते. स्वतःच्या मरणाची भीती घालणे एवढेच तिला शक्य होते. गोष्ट तिला ती भीती घालू देते आणि मरू देत नाही. तुमच्या काकूंना त्यातली दुसरी बाजू दिसली, इतकेच.

शेवटी एक जैन कथा, कारण ती कोल्हापुरात बसून टाळता येणार नाही. राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी हरिषेणाचा दहाव्या शतकातला 'बृहत्कथाकोश' १९४३ मध्ये संपादित केला, आणि जैन कथावाङ्मय किती मोठे आहे हे अभ्यासकांसमोर नीट आले. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या 'परिशिष्टपर्वा'त नूपुरपंडितेची कथा येते. थोड्या फरकाने ती शुकसप्ततीतही आहे. सासरा सुनेला परपुरुषाजवळ झोपलेली पाहतो आणि पुरावा म्हणून तिच्या पायातले पैंजण काढून घेतो. ती जागी होते, प्रियकराला घालवते, नवऱ्याला त्याच जागी आणून झोपवते आणि मग त्यालाच सांगते की तुझ्या बापाने आपण दोघे झोपलेलो असताना माझे पैंजण नेले. पुढे दिव्य करायची वेळ येते. यक्षाच्या मूर्तीच्या दोन पायांमधून निर्दोष माणूसच सुटतो अशी ख्याती असते. वाटेत प्रियकर वेड्याचे सोंग घेऊन तिला मिठी मारतो, आणि ती यक्षासमोर म्हणते, "माझा नवरा आणि हा वेडा सोडून कोणी मला शिवले असेल तर तू जाण." यक्ष विचारात पडतो तोवर ती पलीकडे निघून जाते. बिचाऱ्या सासऱ्याची झोप उडते, इतकी की राजा त्याला अंतःपुरावर पहारेकरी नेमतो. तिथे तो राणीलाच माहुताकडे जाताना पाहतो, आणि राजाच्या घरी हे चालते तर आपले काय, असे म्हणून सात दिवस गाढ झोपतो.

ही कथा लिहिणारा हेमचंद्र मुनी आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात संसाराविषयी विरक्ती यावी हा त्याचा हेतू आहे. तुमच्या धाकट्या सभासदाला मी इतके नक्की सांगेन की तिची तक्रार या हेतूला लागू पडते. पण सुनेचे वाक्य इतके नेमके रचलेले आहे की ते रचणाऱ्याला तिच्या बुद्धीचे कौतुक वाटले नसेल असे मला म्हणवत नाही.

उत्तर: शाहूपुरीचे प्राध्यापक

मी इंग्रजी साहित्य शिकवत होतो. वरच्या उत्तरातल्या दिव्याच्या प्रसंगावरून युरोपाच्या बाजूने थोडे लिहितो.

अशीच दुहेरी अर्थाची शपथ बाराव्या शतकातल्या बेरूलच्या ट्रिस्टन-इझोल्ट कथेत आहे. तिथे प्रियकर महारोग्याचे सोंग घेतो, राणीला पाठीवर बसवून ओढ्यापार नेतो आणि राणी शपथ घेते की, राजा आणि हा महारोगी यांच्याखेरीज कोणी माझ्या इतक्या जवळ आलेले नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्याच्या विधीत भाग घ्यायला बंदी केली. त्याच परिषदेने लग्नाची जाहीर वर्दी चर्चमध्ये आधी देण्याचा नियम सर्वत्र लागू केला आणि लग्नाला निषिद्ध असलेले नातेसंबंध सात पिढ्यांवरून चारांवर आणले. लग्न आणि खरे-खोटे करण्याची पद्धत, दोन्हींवर एकाच वेळी हात फिरला.

कायद्याची बाजू समजली की विनोद कुठून येतो ते दिसते. तिसरा पोप अलेक्झांडर ११५९ ते ११८१ या काळात गादीवर होता, आणि त्याच्या निर्णयांतून असे पक्के झाले की दोघांनी वर्तमानकाळात उच्चारलेली संमती म्हणजे लग्न. आई-बापांची परवानगी किंवा पुरोहित नसला तरी ते मोडत नाही. मुलीचे वय बारा आणि मुलाचे चौदा पुरे मानले जाई. एकदा लागलेले लग्न सुटत नसे. म्हणजे शब्दाने लग्न लागायला फार सोपे, पण प्रत्यक्षात जमीन आणि पैसा पाहून घरचेच ठरवणार, आणि मग आयुष्यभर सुटका नाही. श्रीमंत म्हातारा आणि कोवळी बायको ही जोडी या कथांत पुन्हा पुन्हा येते ती या पेचामुळे. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीत साठीचा जानेवारी तरुण मे हिच्याशी लग्न करतो, पुढे आंधळा होतो, आणि नासपतीच्या झाडावर बायको प्रियकरासोबत असताना देवाच्या कृपेने त्याला नेमकी तेव्हाच दृष्टी येते. बायको तत्काळ सांगते की तुमची दृष्टी परत यावी म्हणूनच मी झाडावर एका पुरुषाशी झटत होते. आपल्याकडच्या वाचकाला इथे देवलांच्या १८९९ मधल्या 'शारदे'ची आठवण होईल, आणि फरकही जाणवेल: देवलांना तो विवाह थांबवायचा होता, चॉसरला म्हाताऱ्याने स्वतःची समजूत कशी घातली ते दाखवायचे होते.

फ्रान्समध्ये या प्रकाराला फॅब्लियो म्हणतात. उत्तर फ्रान्समध्ये, मुख्यतः तेराव्या शतकात रचलेल्या, आठ-आठ अक्षरांच्या यमकबद्ध ओळींतल्या अशा सुमारे दीडशे कथा उरल्या आहेत. शेतकरी, व्यापारी, त्याची बायको, पोरसवदा विद्यार्थी आणि पाद्री, एवढ्या पात्रांवर बहुतेक कथा चालतात. पाद्री इतक्या वेळा पलंगाखाली सापडतो त्यालाही कारण आहे: ११२३ आणि ११३९ च्या परिषदांनी पाद्र्यांची लग्ने बेकायदा ठरवली होती, आणि गावात ज्यांचे घर आधी उघडपणे नांदत होते त्यांच्याकडे लोक आता निराळ्या नजरेने पाहू लागले होते. या कथा कोणासाठी, याबद्दल बेदिएचे मत होते की त्या नव्याने वर आलेल्या शहरी व्यापारी वर्गाच्या. पेर नायक्रोग या डॅनिश अभ्यासकाने १९५७ मध्ये दाखवले की दरबारी प्रेमकाव्याची भाषा ज्यांच्या कानात बसलेली आहे त्यांनाच या कथांची गंमत पूर्ण कळते, म्हणजे श्रोते सरदारांच्या वाड्यांतलेही होते. मला नायक्रोगचे म्हणणे अधिक पटते. आपण ज्याला गावरान विनोद समजतो त्याचा श्रोता पुष्कळदा गावाबाहेरचा असतो आणि तो गावाला हसत असतो.

धर्मोपदेशकही याच कथा वापरत. तेराव्या शतकातला जाक द व्हित्री प्रवचनात एका हट्टी बाईची गोष्ट सांगतो: ती नदीत पडते आणि नवरा तिला प्रवाहाच्या उलट दिशेने शोधतो, कारण जन्मभर ती उलटच वागली. तुमच्या काकू या गोष्टीलाही हसल्या नसत्या.

आणखी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या या कथाविश्वात सर्वांत मोकळी बाई विधवा असते. चॉसरच्या तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींतली बाथ गावची बाई बाराव्या वर्षापासून पाच नवरे करून बसली आहे, स्वतः कापड विणवून पैसा मिळवते, आणि पाचव्या, तिच्याहून वीस वर्षांनी लहान नवऱ्याने वाईट बायकांच्या गोष्टींचे पुस्तक रोज वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यातली पाने फाडते. त्याने मारलेल्या तडाख्याने तिचा एक कान बहिरा झाला आहे. ती विचारते की सिंहाचे चित्र कोणी काढले? माणसाने काढले म्हणून त्यात माणूस जिंकलेला आहे. बायकांनी कथा लिहिल्या असत्या तर त्या निराळ्या झाल्या असत्या. हे तिच्या तोंडी घालणारा पुरुष कवी आहे हे खरे, पण १४०० च्या आधी हा प्रश्न कागदावर आला, ही साधी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये नवरा जिवंत असेतो बायकोच्या मिळकतीवर त्याचा ताबा असे आणि तो मेल्यावर तिला हयातभरासाठी साधारण तिसरा हिस्सा मिळे. विधवेकडे पैसा आणि सही दोन्ही येत, म्हणून कथेतही तीच ताठ मानेने बोलते. आपल्या कथांत ती जागा विधवेला नाही. नवरा परगावी गेलेल्या सधवेला आहे.

उत्तर: कसबा बावड्यातून

मी वकिली करते, त्यामुळे साहित्यापेक्षा रिवाजाबद्दल लिहिते. वरच्या दोन्ही उत्तरांत 'आपल्याकडे' असा शब्द आला आहे, पण तो नक्की कोणाकडे, हे सांगायला हवे.

मदनविनोद व्यापाराला गेला आणि प्रभावती घरात अडकली, ही अवस्था धर्मशास्त्रालाही ठाऊक होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात म्हटले आहे की, नवरा धर्मकार्यासाठी गेला असेल तर आठ वर्षे वाट पाहावी, विद्या किंवा कीर्तीसाठी गेला असेल तर सहा, आणि सुखासाठी गेला असेल तर तीन. त्यानंतर काय करावे ते श्लोक सांगत नाही आणि टीकाकारांचे त्यावर एकमत नाही. नारद आणि पराशर मात्र पाच आपत्तींत दुसरा पती करण्याची मुभा देतात. पुढच्या शतकांत वरच्या जातींनी ती मुभा बंद केली. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट लागत होता, मोहतूर होत होते, म्हणजे बाईचे दुसरे लग्न होत होते, जातपंचायतीसमोर काडीमोड होत होती, आणि पाटावर सरकार 'पाटदाम' नावाचा करही घेत असे. रिवाजाने मिळणारी अशी फारकत १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही कलम २९(२) मध्ये राखून ठेवली आहे. माझ्याकडे आजही असे कागद घेऊन माणसे येतात.

माझा मुद्दा असा की, जिला काडी मोडून दुसरे घर करता येत होते तिला विहिरीत दगड टाकायची गरज कमी होती. दगड टाकणारी बाई वाण्याची, ब्राह्मणाची, सोनाराची असते, कारण तिथे दार एकदा लागले की लागले. फ्रेंच कथांबद्दल प्राध्यापक सरांनी सांगितलेले न सुटणारे लग्न आणि आपली ही घरे यांत मला साम्य दिसते. जिथे लग्न मोडण्याची वाट होती तिथल्या बायकांच्या गोष्टी या संग्रहांत फारशा आल्या नाहीत, आणि त्या कुठे असतील तर जात्यावरच्या ओव्यांत असतील.

उत्तर: भुदरगडचा टाळकरी

वकीलताईंनी ओव्यांचे नाव काढले म्हणून लिहायचे धाडस करतो. मी अभ्यासक नाही. आमच्या गावच्या सप्त्यात गेली तीस वर्षे टाळ धरतो आणि सोंगी भारुडाला मागे उभा असतो.

नाथमहाराज सोळाव्या शतकातले, १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ सांगतात. त्यांच्या भारुडात लग्नाचा विनोद भरपूर आहे. "मोडकेंसें घर तुटकेंसें छप्पर" म्हणत "मला दादला नलगे बाई" असे गाणारी बाई, आणि भवानीआईला रोडगा कबूल करणारी बाई, ही दोन सोंगे आमच्याकडे हटकून होतात. सोंग घेणारा पुरुषच असतो. आमचा सोंगाड्या नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसतो, कपाळभर मळवट भरतो, काखेत सूप घेतो, आणि देवळाच्या मंडपात येताना आधी बायकांच्या बाजूला वळून पदर सारखा करतो. तेवढ्यावरच अर्धा मंडप हसतो.

मग मागणी सुरू होते. "सासरा माझा गांवीं गेला, तिकडेच खपवी त्याला." इथे पुरुष हसतात. "नणंदेचें पोर किरकिर करितें, खरूज होऊं दे त्याला." इथे बायका हसतात, आणि त्यांचे हसणे लवकर थांबत नाही. हा फरक मला कोणी शिकवलेला नाही, मागे उभे राहून ऐकू आला. कीर्तनकार नंतर अर्थ सांगतात की सासरचा गोतावळा म्हणजे मनातल्या विकारांचा गोतावळा, आणि तो अर्थ खराच आहे, कारण शेवटी "एका जनार्दनीं सगळेचि जाऊं दे, एकलीच राहूं दे मला" असे म्हणून बाई देवापाशी एकटी उरते. पण तो अर्थ सांगायच्या आधी बायकांचे हसून झालेले असते.

प्राध्यापक सरांनी विधवेबद्दल जे लिहिले त्यावरून मला त्याच भारुडातली जावेची ओळ आठवली: "जाऊ माझी फडफड बोलती, बोडकी कर गे तिला." बोडकी कर म्हणजे तिचा नवरा मरू दे आणि तिचे केस उतरू देत. सरांच्या गोष्टीतली विधवा स्वतःच्या पैशाने तीर्थयात्रेला निघते, आणि आमच्या गाण्यात विधवा होणे हा जावेला द्यायचा शाप आहे. लहानपणी मी या ओळीला खूप हसलो आहे. आता ती ओळ आली की मी टाळ जरा जोरात वाजवतो, कारण मंडपात पहिल्या रांगेत कोण कोण बसले आहे ते मला दिसत असते. ओळ गाळावी असे मात्र मला कधी वाटले नाही. नाथांनी ती घातली आहे, आणि ती ऐकून ज्यांना लागते त्यांना ती लागणारच.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गुरुवारचे वाचन

सर्वांचे मनापासून आभार. काल गुरुवार होता. मी तुमची उत्तरे मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि सोप्यात वाचून दाखवली. धाकटीचा राग पूर्ण गेलेला नाही, आणि तो जावा असे आता मलाही वाटत नाही. तिने सिंहाच्या चित्राचा प्रश्न वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या वेळी नूपुरपंडितेची गोष्ट सुनेच्या तोंडून लिहून आणणार असल्याचे सांगितले. दुसरीने जावेची ओळ दोनदा म्हणून पाहिली आणि मग गप्प बसली.

काकूंनी सगळे ऐकले. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली आणि ती इथे विचारायला मला सांगितले. तो नवरा बाहेर धावला तेव्हा हातात दोर घेऊन धावला, की नुसताच बघायला गेला? आमच्याकडच्या मराठी पुस्तकात ते लिहिलेले नाही.

उत्तर: शाहूपुरीचे प्राध्यापक

ताई, काकूंना सांगा की बोकाच्चोच्या गोष्टीत ते स्पष्ट लिहिले आहे. विहिरीत दगड पडल्याचा आवाज ऐकून तोफानोला ती खरोखरच पडली असे वाटते, आणि तो दोराला बांधलेली बादली घेऊन तिला वाचवायला घराबाहेर धावतो. ती दाराजवळ अंधारात लपलेली असते. तो विहिरीपाशी पोहोचेपर्यंत ती आत जाऊन कडी लावते. पुढच्या गुरुवारी वाचायची असेल तर ती सगळी गोष्ट मी मराठीत करून बुधवारपर्यंत इथे टाकतो. फार मोठी नाही, तीन-चार पाने होतील.